जुन्या .२२ शिकारी रायफलीची अचूकता: दस्त्यातील बदल आणि कोकणची दमट हवा

देवगडकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

माझ्या आजोबांची .२२ बोअरची बोल्ट अ‍ॅक्शन (हाताने खिट्टी ओढून एकेक गोळी भरायची) शिकारी रायफल वडिलांच्या पश्चात वारसाहक्काने रीतसर माझ्या परवान्यावर आली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आमच्या घरातील शिकारीचा विषय कायमचा संपला आणि तो पुन्हा सुरू करण्याची माझी मुळीच इच्छा नाही. मला ही रायफल केवळ कागदी निशाणावर, रेंजवर, ५० मीटर अंतरावरून चालवायची आहे. बॅरलच्या आतील आटे स्वच्छ आणि धारदार दिसतात. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे.

अडचण अशी आहे की फेब्रुवारीत व्यवस्थित बसवलेला नेम गणपतीनंतर वर आणि उजवीकडे सरकलेला आढळतो, आणि ग्रुपही (एकाच नेमावर लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका) पूर्वीपेक्षा पसरट पडतो. यावर उपाय म्हणून दस्त्यात खोबण मोठी करून बॅरल मोकळी करावी, अ‍ॅक्शनखाली (गोळी झाडणाऱ्या यंत्रणेखाली) एपॉक्सीचे बेडिंग, म्हणजे ती दस्त्यात घट्ट बसवणारा थर, करावे, ट्रिगर हलका करून घ्यावा आणि नवी दुर्बीण बसवावी, असा विचार आहे. एका स्नेह्यांचे म्हणणे असे की जुन्यावर खर्च करण्यापेक्षा अर्धस्वयंचलित रायफल घ्यावी. यापैकी कोणता बदल आधी करावा, आणि केलेल्या बदलाने खरोखरच अचूकता वाढली की तो केवळ त्या दिवसाचा योग होता, हे कसे ओळखावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सह्यपायथा (उत्तर)

आपण सांगितलेली लक्षणे वाचून माझा पहिला संशय दस्त्यावर जातो. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. ते फुगते आणि आकसते ते आडव्या दिशेने. किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांना टेकते आणि हिवाळ्यात ती बरीच खाली येते. दस्त्याचा पुढचा भाग या फरकाने दरवर्षी थोडा फुगतो, कधी पिळवटतो, आणि बॅरलला खालून किंवा एका बाजूने रेटू लागतो. खालून आणि डावीकडून रेटा आला तर गोळ्या वर आणि उजवीकडे जाणे अगदी स्वाभाविक आहे.

मात्र कानस हातात घेण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. रायफल रिकामी असल्याचे दोनदा तपासून बोल्ट बाहेर काढून ठेवावा आणि बॅरल व दस्ता यांच्यामध्ये पुढून कागदाची पट्टी सरकवत अ‍ॅक्शनपर्यंत न्यावी. ती जिथे अडेल तिथे रेटा आहे. त्याहून स्पष्ट चित्र हवे असल्यास बॅरल दस्त्यातून सोडवून तिच्या खालच्या अंगाला दिव्याची काजळी अगदी पातळ लावावी, रायफल पुन्हा जोडून स्क्रू नेहमीइतके आवळावेत आणि मग उघडून पाहावे. खोबणीत जिथे काळा ठसा उठेल तिथे लाकूड टेकते. आपल्याकडच्या जुन्या दस्त्यांमध्ये बहुधा असा ठसा खोबणीच्या टोकाशी, एकाच काठावर, बोटाच्या पेराएवढा उठतो आणि तेवढा भाग घासून गुळगुळीत, चकचकीत झालेला असतो. ही तपासणी श्रावणात एकदा आणि फेब्रुवारीत एकदा करावी. दोन ठशांतील फरक हेच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

खोबण खरवडली की लाकूड परत येत नाही. हलक्या बॅरलच्या काही .२२ रायफली दस्त्याच्या टोकाशी थोडा समान दाब असतानाच चांगल्या चालतात, हेही लक्षात असू द्यावे. म्हणून आधी तात्पुरता प्रयोग करावा. अ‍ॅक्शनच्या स्क्रूंपाशी पातळ पितळी चकत्या घालून बॅरल दस्त्यापासून किंचित उचलून घ्यावी आणि त्या स्थितीत रेंजवर ग्रुप पाहावेत. सुधारणा दिसली तरच खोबण मोठी करावी. त्या वेळी पुस्तकात सांगतात तशी कागदाच्या जाडीची फट आपल्याकडे पुरत नाही, कारण कोरड्या दिवसांत ठेवलेली तेवढी फट पावसाळ्यात बुजून जाते. एक ते दीड मिलिमीटर मोकळीक ठेवावी.

बेडिंग आणि खोबणीचे काम जानेवारी-फेब्रुवारीत, लाकूड त्यातल्या त्यात कोरडे असताना करून घ्यावे आणि लगेच आतील उघडे लाकूड पॉलियुरेथेनसारख्या लेपाने बंद करावे. अनेक जण दस्त्याचे बाहेरचे अंग जवसाच्या तेलाने सुंदर चमकवतात आणि आतील खोबण, स्क्रूची भोके व मागच्या पट्टीखालचे लाकूड कोरडेच सोडतात. पाण्याची वाफ नेमकी तिथूनच शिरते, कारण तिथे लाकडाच्या शिरा तोंड उघडून असतात. जवसाचे तेल वाफेला फारसे अडवतही नाही.

देखभालीचे दोन शब्द सांगतो. धातूवर खोबरेल तेल लावण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. ती सोडून द्यावी. ते कालांतराने चिकट होते आणि बोल्टची हालचाल जड करते. रायफल चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि त्यातील कमावणीचे क्षार खाऱ्या हवेच्या जोडीने पोलादाला गंज आणतात. पातळ यांत्रिक तेलाचा हात आणि कपाटात सिलिका जेल, एवढे पुरते.

खारावारा (उत्तर)

सह्यपायथा यांनी दस्त्याविषयी लिहिलेले मला पूर्णपणे मान्य आहे. मी चाचणीच्या पद्धतीविषयी लिहितो, कारण बदल करणारे पुष्कळ आणि नीट मोजणारे थोडे अशी आपल्याकडची स्थिती आहे, आणि त्यामुळे चांगल्या रायफली विनाकारण बिघडवल्या जातात.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून काहीही ठरवू नये. गोळ्यांचे विखुरणे हे संभाव्यतेच्या नियमाने चालते, त्यामुळे त्याच रायफलीचा, त्याच काडतुसांचा तीन गोळ्यांचा ग्रुप (सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर) सरासरीने १६ मिलिमीटरचा येत असेल तर पाच गोळ्यांचा साधारण २० आणि दहा गोळ्यांचा साधारण २५ मिलिमीटरचा येतो. रायफलीत काहीही बदललेले नसते. केवळ गोळ्या वाढल्या की टोकाची एखादी गोळी पकडली जाण्याची शक्यता वाढते. दहा मिलिमीटरचा तीन गोळ्यांचा सुरेख ग्रुप खिशात घेऊन फिरणारा नेमबाज स्वतःचीच फसवणूक करत असतो. बदलापूर्वी आणि बदलानंतर प्रत्येकी किमान पाच ग्रुप, प्रत्येक ग्रुपमध्ये पाच किंवा शक्य तर दहा गोळ्या, आणि त्यांची सरासरी, अशी तुलना करावी. ग्रुपच्या मध्यापासून प्रत्येक छिद्राचे अंतर मोजून त्याची सरासरी काढली तर ते माप अधिक विश्वासार्ह ठरते, कारण त्यात दोनच नव्हे तर सर्व गोळ्यांची साक्ष घेतली जाते. कोणतीही गोळी ‘ती माझ्या हाताने चुकली’ म्हणून वगळू नये, आणि वगळायचीच असेल तर छिद्र पाहण्यापूर्वी, गोळी सुटताक्षणी तसे जाहीर करावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दुर्बीण, बेडिंग आणि काडतुसे एकाच महिन्यात बदलली तर यश कोणाचे आणि अपयश कोणाचे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता वारा. किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो आणि दिवस चढला की समुद्राकडून खारा वारा सुटतो. या दोहोंच्या मध्ये, सकाळी, थोडा काळ हवा जवळजवळ स्तब्ध असते. चाचणी त्याच वेळी उरकावी. .२२ ची ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी हलकी असते, आणि सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वारा तिला ५० मीटरवर सुमारे सहा मिलिमीटर ढकलतो. आंतरराष्ट्रीय ५० मीटर निशाणावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारी झुळूकही किती महाग पडते ते कळेल. निशाणाजवळ आणि वाटेत मध्यावर सुती धाग्याच्या पट्ट्या बांधाव्यात आणि त्या एकाच स्थितीत असतानाच ट्रिगर दाबावा.

काडतुसांविषयी माझे मत ठाम आहे. .२२ रायफलीत दस्त्यावर आणि ट्रिगरवर पैसे घालण्यापूर्वी वेगवेगळ्या बनावटीची काडतुसे तपासावीत, कारण सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत मोठी सुधारणा तिथेच दडलेली असते. अतिवेगाची काडतुसे टाळावीत. त्यांची गोळी नळीतून ध्वनीपेक्षा जास्त वेगाने निघते आणि वाटेत कधीतरी ध्वनीच्या वेगाखाली उतरते. या संक्रमणात तिची स्थिरता ढळू शकते. सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाची साधी निशाणाची काडतुसे आरंभापासूनच ध्वनीच्या मागे राहतात. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही (एकत्र बनवलेल्या खेपांमध्येही) फरक पडतो, आणि म्हणूनच एली किंवा लापुआची काडतुसे वापरणारे स्पर्धक आपल्या रायफलीला मानवणारा लॉट तपासून मगच साठा घेतात. खोक्यावरील लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवावा. काडतूस बदलले की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नयेत, कारण नळीत आधीच्या काडतुसाच्या मेणाचा थर बसलेला असतो. नळी खसखसून साफ केल्यानंतरही हाच नियम पाळावा.

दुर्बिणीविषयी थोडक्यात: मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांवर पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसण्याचा दोष) जुळवलेल्या असतात, त्यामुळे ५० मीटरवर डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी नेम सरकतो. .२२ साठी बनवलेली किंवा पॅरलॅक्स जुळवता येणारी दुर्बीण घ्यावी. मात्र बेडिंगची चाचणी पूर्ण होईपर्यंत दुर्बिणीला हात लावू नये.

परवानाधारक_रत्नागिरी (उत्तर)

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. कायद्याची आणि सुरक्षिततेची बाजू तेवढ्याच गांभीर्याने मांडणे मला आवश्यक वाटते.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार अग्निशस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरफार करण्यासाठी परवाना लागतो, आणि बॅरल आखूड करणे हा कलम ६ खाली स्वतंत्र विषय आहे. म्हणून ट्रिगर, बोल्ट आणि बॅरल यांचे कोणतेही काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे आणि त्याची पावती जपून ठेवावी. बॅरलवरील क्रमांक परवान्यावर नोंदलेला असतो. घासकाम किंवा नवे ब्लूइंग (पोलादावरील निळसर-काळा संरक्षक थर) करताना तो पुसट होता कामा नये. ट्रिगर हलका करण्याच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या शिकारी रायफलीच्या ट्रिगरची पकड मुळात अवजड वापरासाठी घडवलेली असते, आणि ती घासून कमी केली की बोल्ट जोरात बंद केल्यावर किंवा रायफल आपटल्यावर आपोआप गोळी सुटण्याचा धोका निर्माण होतो. ट्रिगर स्वच्छ करून घ्यावा. तेवढ्याने पुष्कळदा त्याचा खरखरीतपणा जातो.

अर्धस्वयंचलित रायफलीचा सल्ला आपल्या स्नेह्यांनी सद्हेतूने दिला असेल, परंतु शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रांचा वर्ग साध्या .२२ रायफलीपेक्षा वेगळा आणि अधिक कडक आहे. शिवाय अशा रायफलीला प्रत्येक गोळीनंतर स्वतःची यंत्रणा फिरवण्याइतका जोर काडतुसातून मिळावा लागतो, त्यामुळे अचूक पण मंद काडतुसे तिच्यात अडकू शकतात. आपला हेतू केवळ कागदी निशाणाचा असेल तर बोल्ट अ‍ॅक्शन हीच योग्य निवड आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातही प्रत्येक गोळी स्वतंत्रपणे, हातानेच भरावी लागते.

चाचणी कृपया बागेत करू नये. आंब्याच्या कलमांच्या आड कोण काम करत आहे हे दिसत नाही, आणि .२२ ची गोळी लहान दिसली तरी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. जांभ्याचा गडगा हा गोळी थोपवण्याचा बांध नव्हे. त्यावरून आणि खाडीच्या पाण्यावरून गोळी उसळी घेऊन भलत्याच दिशेला जाते. मान्यताप्राप्त रेंज हीच एक जागा आहे. आपल्या बाजूने पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल लांब पडेल, परंतु तिथे ५० मीटरची रेंज आहे. परवान्याचे क्षेत्र आधी तपासावे आणि प्रवासात रायफल रिकामी, बंद पेटीत, काडतुसे वेगळी ठेवावीत.

देवगडकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कागदाची पट्टी सरकवून पाहिली. ती पुढच्या टोकाशी डाव्या काठावर घट्ट अडते आणि त्याच जागी लाकूड चकचकीत दिसते. ट्रिगरचा विचार मी सोडून दिला आहे. एक शंका उरते: काडतुसांची चाचणी आधी करावी की पितळी चकत्यांचा प्रयोग आधी करावा?

खारावारा

रेटा निश्चित दिसत असल्याने चकत्यांचा प्रयोग आधी करावा. दस्ता दाबत असताना घेतलेली काडतुसांची चाचणी पुढच्या ऋतूत निरुपयोगी ठरेल. सध्याच्याच काडतुसांच्या एका लॉटमधून पुरेसा साठा बाजूला काढावा, त्यातील निम्मी चकत्यांशिवाय आणि निम्मी चकत्या घालून, एकाच सकाळी, ग्रुप आलटूनपालटून झाडावीत. दर वेळी चकत्या घालता-काढताना स्क्रूंची पकड सारखी राहील याची काळजी घ्यावी. त्यासाठी टॉर्क मोजणारा पाना मिळाला तर उत्तम, कारण एक स्क्रू पाव फेरा कमीजास्त झाला तरी ग्रुप हलतो. फरक स्पष्ट दिसला तर फेब्रुवारीपर्यंत थांबून खोबण आणि बेडिंगचे काम करून घ्यावे, आणि काडतुसांची निवड त्यानंतर करावी.