मलावी सिक्लिडसाठी तळाला नेमकं काय टाकू? पीएच टिकतच नाहीये

घाटकोपरचा_टँकवाला
नमस्कार मंडळी, तीन फुटी टँक (३६ बाय १८ बाय १८ इंच) रिकामा पडलाय, त्यात यलो लॅब (मलावी तलावातला पिवळा सिक्लिड मासा) आणि जोडीला अजून एखादा एम्बूना (तिथलेच दगडांत राहणारे सिक्लिड) ठेवायचाय. नळाचं पाणी ड्रॉप टेस्टवर (थेंब टाकून रंगावरून पीएच बघायचं किट) ७.४ दाखवतं. दुकानात पीएच वाढवायची बाटली दिली, ती टाकली की ८.२ होतं आणि दोन दिवसांत परत जिथल्या तिथे. आता एक जण म्हणतो कोरल चिप्सच टाक, दुसरा म्हणतो साधी रेती बस झाली, तिसरा म्हणतो काळी वाळू टाक मासे उठून दिसतात. नक्की काय करू? मासे अजून आणले नाहीयेत.

तानसा_ते_टँक
मासे आणले नाहीस हे बेस्ट केलंस. आधी सांग केएच मोजलास का? पीएच पीएच सगळे करतात पण त्याला धरून ठेवतो तो केएच, म्हणजे पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट. आपल्याकडे येतं ते तानसा, भातसा, वैतरणाचं पाणी, सगळं पावसाचं साठवलेलं, त्यामुळे मऊ असतं. त्यात बाटलीने पीएच चढवला तरी खाली आधारच नाही, उतरणारच. आणि माशाला ७.६ वर स्थिर पाणी चालतं पण रोजचं वरखाली नाही चालत. आफ्रिकेतल्या मलावी तलावाचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ आहे पण आपल्याला मिळतात ते फार्ममध्ये वाढलेले मासे, त्यांना ८ च्या आसपास मस्त चालतं.
खायचा सोडा वापर, साधा, बेकिंग पावडर नाही हां. तुझ्या टँकमध्ये काठोकाठ १९० लिटर मावतं, त्यात सपाट एक छोटा चमचा म्हणजे ५-६ ग्रॅम टाकला की केएच साधारण १ डिग्री वाढतो. एकदम ओतू नको, पाणी बदलताना नवीन पाण्यात विरघळवून दे. टेस्ट करताना नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग मोज, ताज्या पाण्यात विरघळलेल्या गॅसमुळे आकडा फसवतो.

वाळूवाली_ताई
सोड्याचं पटलं पण तळाचं राहिलंच की! माझं मत रेतीच. एम्बूना दिवसभर उकरत बसतात, भरड चिप्सच्या फटींत घाण जाऊन बसते, ती सायफनने निघता निघत नाही. तुझ्या टँकला दोन इंच थर द्यायचा तर ३०-३५ किलो रेती लागेल, बारीक चाळलेली घे आणि पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धू. जुहूची वाळू फुकट मिळते म्हणून उचलून आणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नको, मीठ आणि काय काय असतं त्यात देव जाणे.
आणि दगड आधी काचेवर, खाली पातळ थर्माकोल टाकून, मग रेती. रेतीवर दगड रचलेस तर हे खालून उकरतात आणि सगळी रास काचेवर येते.

शिंपलेवाला
कोरल चिप्सबद्दल एक सांगायचंय, प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, दुकानात सर्रास विकतात ही गोष्ट वेगळी. काम कॅल्शियम कार्बोनेटचंच आहे ना, मग कालवांची शिंपलं किंवा संगमरवराचा चुरा पण तेच करतो. जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेव, पाणी आरपार गेलं की जास्त विरघळतं, तळाला पसरलेलं गाळाखाली दबून जातं. पण जादू नाही हां, पाणी आम्लाकडे जितकं झुकतं तितकं ते पटापट विरघळतं आणि ८ च्या जवळ जाता जाता मंदावतं. नुसत्या त्याच्या जोरावर पीएच ८.५ होईल अशी आशा धरू नको.
काळ्या वाळूवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघ, फेस आला तर चुना आहे, नाही आला तर पीएचला काही फरक पडणार नाही, बिनधास्त टाक.

घाटकोपरचा_टँकवाला
धन्यवाद दादा, ताई! एक अजून, उन्हाळ्यात बिल्डिंगला टँकर येतो, ते पाणी चालेल का? आणि हे सगळं ऑस्करसोबत जमेल का, मित्र देतोय एक.

वाळूवाली_ताई
ऑस्कर दक्षिण अमेरिकेचा, फूटभर वाढतो, तीन फुटीत तो एकटाही नको. मित्राला म्हणावं तुझ्याकडेच राहू दे.

तानसा_ते_टँक
टँकर बोअरचा असला तर खारट किंवा कडक असू शकतो, प्रत्येक खेपेला मोजूनच टाक, आणि त्या वेळी सोडा थांबव. नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरीन विसरू नको. शेवटचं पण महत्त्वाचं, पीएच वाढला की माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया जास्त विषारी होतो, २५ अंशाला ७ पीएचवर त्यातला अर्धा-पाऊण टक्का घातक रूपात असतो, ८ वर पाच टक्क्यांच्या पुढे. त्यामुळे फिल्टर आधी सायकल होऊ दे, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू त्यात वाढू दे, अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य आले की मग यलो लॅब आण.