मदत हवी आहे: शिकारी पक्ष्यांसाठी मराठी शब्द (आणि फेरीबोटीवरून दिसलेली एक तपकिरी घार)

नमस्कार मंडळी,

घर पणजीत, नोकरी चोडणला, त्यामुळे रायबंदरची फेरीबोट माझी रोजची. दोन महिन्यांपूर्वी भावाने त्याची जुनी ८ बाय ४२ ची दुर्बीण दिली, तेव्हापासून बोटीतले लोक माझ्यापासून जरा लांबच उभे राहतात.

अडचण अशी की नोंदवही मराठीत लिहिते आणि शिकारी पक्ष्यांपाशी आले की शब्दच संपतात. 'मोठा, तपकिरी, वर गोल फिरत होता' असं सतरा वेळा लिहून झालंय. गेल्या रविवारी सलीम अली अभयारण्यात एका ग्रुपबरोबर गेले होते. वर काहीतरी आलं आणि पुढचे गृहस्थ ओरडले, "कार्पल बघा, कार्पल!" मी झाडाकडे बघत राहिले. पक्षी गेला. तिथे विचारायची लाज वाटली, म्हणून इथे विचारते.

पंख न हलवता गरम हवेवर वर चढत जाणं म्हणजे घिरट्या घालणं, हे लिहिते. कापशी घार शेतावर एकाच जागी पंख फडफडवत थांबते त्याला 'थरथरणं' लिहिलंय, चालेल का? पंखांच्या टोकाची सुटी सुटी पिसं म्हणजे 'बोटं', हा शब्द फार आवडला. बहिरी ससाण्याचे पंख टोकदार, बोटं नाहीत. पण कार्पल? आणि ज्युवेनाइलला, म्हणजे उडायला लागलेल्या पण अजून वयात न आलेल्या पक्ष्याला, काय म्हणता? 'पिल्लू' लिहिलं तर घरट्यातलं वाटतं.

आता खरा प्रश्न. काल सकाळी खारफुटीवर एक पक्षी बसला होता. घारीपेक्षा किंचित लहान, सगळा तपकिरी, डोक्यावर फिक्या रेघोट्या. उडाला तेव्हा पंखांखाली मळकट पांढरे डाग दिसले. फोटोत तो पेरूच्या बीएवढा आलाय, टाकत नाही. साधी घार की ब्राह्मणी? ब्राह्मणीचं डोकं पांढरं, अंग विटकरी एवढं मलाही कळतं हो, पण हा तसा नव्हता.

प्रतिसाद १:
ताई, कार्पल म्हणजे मनगट. पंख पुढच्या बाजूला जिथे वाकतो ते आपल्याला कोपर वाटतं, पण हाडांच्या हिशेबाने ते मनगट. ज्युवेनाइलला आम्ही 'अप्रौढ' लिहितो. 'थरथरणं' मस्त आहे, तेच ठेवा.

डागांवर जाऊ नका, फिके डाग दोघींनाही असतात. अप्रौढ ब्राह्मणीचे जास्त ठळक, इतकंच. शेपटी कशी होती? साध्या घारीच्या शेपटीला खाच असते, ब्राह्मणीची गोल.

धागाकर्ती:
खाच नव्हती! पंख्यासारखी होती.

प्रतिसाद २:
पंख्यासारखी म्हणजे पसरलेली, आणि तिथेच सगळे फसतात. साध्या घारीनेही शेपटी पूर्ण पसरली की खाच जवळजवळ पुसली जाते. मिटलेली असताना बघा. शिवाय 'पंख कसे धरले होते' असा एक रकाना करा. मांडवीच्या मुखाकडे समुद्र गरुड दिसला तर तो घिरट्या घालताना पंख उघड्या पुस्तकासारखे वर उचलून धरतो, घारी बऱ्याच सपाट धरतात. रंग उन्हात दगा देतो, हे देत नाही.

प्रतिसाद ३:
अवांतर: बहिरी ससाणा घारी-गरुडांच्या कुळातला नाहीच. जनुकीय अभ्यासानुसार ससाणे पोपटांना जास्त जवळचे. वहीत वेगळं पान करा.

धागाकर्ती:
पोपट?! बरं.

आज तोच पक्षी पुन्हा त्याच फांदीवर होता. पाठ माझ्याकडे, शेपटी मिटलेली, टोक अगदी गोल. मग उडाला, बोटांच्या मुळाशी ते फिके डाग, आणि वळताना शेपटी मिटली तेव्हाही खाच नाही. वहीत लिहिलं: 'ब्राह्मणी घार, अप्रौढ, शेपटी गोल.' लिहीपर्यंत बोट धक्क्याला लागून रिकामी झाली होती आणि मागचे स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते.

आता दुसरं. सर्पगरुडाच्या पंखाखाली जो पांढरा पट्टा असतो, त्याला पट्टा म्हणायचं की किनार? टोकाची काळी कड त्याच्या बाहेर उरते ना, म्हणून विचारते.