शब्दचर्चा: मातीच्या चराची ‘इरोजन स्टॅबिलिटी’ म्हणजे ‘धूप-स्थिरता’ का?

पानवही: चंद्रपूरकडच्या एका बंद कोळसा खाणीच्या अहवालाचा अनुवाद चालू आहे. ओबी डंपवरचं (कोळशावरची माती-दगड काढून रचलेल्या ढिगावरचं) पाणी खाली नेणाऱ्या मातीच्या चॅनेलची इरोजन स्टॅबिलिटी तपासा, असं वाक्य आहे. ‘धूप-स्थिरता’ लिहिलं, तर वरून ‘क्षरणरोधकता’ अशी दुरुस्ती आली. बरोबर कोणतं?

मुरूम: क्षरण खडकाचं. भरावावरची माती धुपते. शिवाय ‘रोधकता’ हा मातीचा गुण झाला, आणि विचारलंय चराबद्दल. तीच माती अर्ध्या टक्क्याच्या उतारावर टिकते, तीन टक्क्यांवर वाहून जाते.

अनुस्वार: धुपणे हे धुण्यातूनच आलं असणार. पाण्याने धुऊन नेली ती धूप.

आडकाठी: ऐकायला गोड, पण पुरावा? देवापुढचा तो धूप, जमिनीची ती धूप, एवढं लिंग तरी सांभाळा.

गाळमाप: आकड्यांवर या, शब्द आपोआप सुचेल. समजा चराचा तळ १ मीटर रुंद, कडा १:२, उतार १ टक्का, पाणी ३० सेंमी खोल. तळावरचा ताण ९८१० × ०.३ × ०.०१, म्हणजे साधारण २९ पास्कल. मॅनिंगच्या सूत्रात उघड्या मातीचा खडबडीतपणा ०.०२५ धरला की वेग सेकंदाला जवळपास १.४ मीटर. कोणत्या मातीला किती वेग झेपतो, त्याच्या फोर्टियर-स्कोबी यांच्या १९२६ च्या तक्त्यात घट्ट पोयट्याला ०.७६ आणि कडक चिकणमातीला १.१४ चालतो, तेही मुरलेल्या कालव्यांत. ताज्या भरावाला एवढाही देऊ नये. हा चर धुपणारच.

अनुस्वार: ताणाला ‘कर्तन प्रतिबल’ असा शब्द आहे.

मुरूम: न्हाव्याच्या दुकानात असेल. साइटवर ‘शिअर’ म्हणतात.

गाळमाप: गवत लावलं तर हिशेब दोनदा करावा लागतो. गवत आखूड असताना पाणी पळतं, तेव्हा चर टिकतो का ते बघायचं. गवत माजलं की पाणी तुंबून चढतं, तेव्हा काठावरून सांडतं का ते बघायचं. पहिली स्थिरता, दुसरी क्षमता. अनुवादात यांची गल्लत नको. आणि मे महिन्यात खणलेल्या चरात जूनच्या पहिल्या सरीला गवत नसतंच, म्हणून उघड्या मातीचाही हिशेब हवा.

चोपण: काळी माती असेल तर तक्त्यावर विसंबू नका. हरभऱ्याएवढं ढेकूळ डिस्टिल्ड पाण्यात सोडा, न हलवता दहा मिनिटं थांबा. नुसतं ढासळून तळाशी ढीग झाला तर ठीक. भोवती न बसणारा गढूळ ढग पसरला तर माती चोपण, म्हणजे पाण्यात कण सुटे होऊन तरंगणारी. तिथे पाणी वरून खरवडत बसत नाही. उन्हाळ्यातल्या भेगेतून शिरून आत बोगदा करतं, आणि एक दिवस वरचं छत खचतं. याला धूप म्हणायचं की खचणं?

आडकाठी: ‘पुनर्वसित खाण’ लिहिलंय का हो? पुनर्वसन गावाचं होतं.

पानवही: ‘पुनरुद्धारित’ लिहिलंय. आणि डंपभोवतीच्या गारलँड ड्रेनला?

अनुस्वार: वलयचर.

मुरूम: कामावर कोणाला कळणार नाही. ‘गारलँड’च ठेवा. भराव बसला की गारलँडचाच एखादा पट्टा खोलगट होतो, पाणी तिथे साचून काठ फोडतं आणि डंपच्या उतारावरून घळ पडते. मग घळीचं तोंड दर पावसाळ्यात वर सरकत राहतं. पहिली दोन-तीन वर्षं तळाची पातळी लेव्हलिंगने पुन्हा घ्या.

चोपण: उतार जिथे एकदम मोडतो तिथे दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करावंच लागतं. दगडाखाली बारीक खडीचा थर नसला तर फटींतून माती निघून जाते, वर दगड जसेच्या तसे दिसतात आणि खाली पोकळी.

आडकाठी: पिचिंग केल्यावर तो ‘मातीचा चर’ राहिला का?

पानवही: धूप-स्थिरतेचं काय ठरलं?

अनुस्वार: आधी चर की नाली, ते ठरवा.