सोसायटी ग्रुप (मांजलपूर, बडोदे): कॉमन प्लॉटमध्ये पडदा लावायचा का?

सेक्रेटरी: नमस्कार. ए-४०२ मधल्या ताईंचा अर्ज आला आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता कॉमन प्लॉटमध्ये पडदा लावून दोन छोट्या फिल्म दाखवायच्या, आणि रविवारी सकाळी तिथेच चित्रांचं वर्कशॉप. वर्गणी नाही. हरकत असेल तर इथेच लिहा, मला घरी फोन करू नका 🙏

सी-३०३: हरकत आहे. कॉमन प्लॉटमध्ये आमच्या गाड्या असतात. नवरात्रात गरब्यासाठी हलवतोच ना, आता सिनेमासाठीही हलवायच्या?

बी-२०४ काकू: कुठला पिक्चर आहे? मुलांनी बघण्यासारखा आहे का? आणि मी समोसे करणार नाही, आधीच सांगते. मागच्या वेळी कुणी पातेलंसुद्धा उचललं नाही.

ए-४०२: काकू, हिरो-हिरॉइनवाला पिक्चर नाही. वीस-वीस मिनिटांच्या दोन फिल्म आहेत. एक मांडवीच्या बाजारावर, दुसरी नदीकाठी राहणाऱ्या माणसांवर. फाइन आर्ट्स कॉलेजात माझ्या बॅचला होते त्यांनी केल्यात. चहा मी करते.

ए-१०३: एवढा मोठा पडदा लावताय तर काहीतरी नवीन लावा की. माझं ओटीटी आहे, लॉगिन देतो.

ए-४०२: भाऊ, ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरात बघण्यापुरतं असतं. अख्खी सोसायटी बसवून दाखवायचं तर ज्याचे हक्क त्याची परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. म्हणूनच ओळखीच्यांच्या फिल्म घेतल्या, त्यांनी लेखी दिलंय. लाउडस्पीकर दहाच्या आत बंद होईल, तो तर नियमच आहे.

बी-१०१ आजोबा: बडोद्याला हे काही नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन माणसाला ग्रंथालयं उभी करायला बोलावलं. गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या, हे आपण सगळे भाषणात ऐकतो. पण त्याच ग्रंथालय खात्याची दृश्य-शिक्षणाची एक शाखा होती, ती कुणी सांगत नाही. मॅजिक लँटर्नच्या (दिव्याच्या उजेडाने पडद्यावर दाखवायच्या) काचेच्या स्लाइड आणि सिनेमाचं यंत्र घेऊन माणसं खेड्यात जायची आणि फुकट खेळ दाखवायची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही जग दिसावं म्हणून. आणि दादासाहेब फाळके आपल्याच कलाभवनात शिकले, हेही मुलांना सांगून ठेवा.

सी-३०३: आजोबा, महाराजांच्या काळात पार्किंगचा प्रश्न नव्हता.

बी-१०१ आजोबा: बग्ग्या होत्या की 😄

बी-३०२: फिल्म ठीक आहे. वर्कशॉप म्हणजे मुलांची चित्रकला स्पर्धा ना? वयोगट कुठले? बक्षीस कोण देणार?

ए-४०२: स्पर्धा नाही, आणि फक्त मुलांसाठीही नाही. खरं सांगायचं तर फिल्म हे लोकांना खाली आणायचं निमित्त आहे, मला रविवार हवाय. जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू जमिनीवर अंथरायची, मार्कर द्यायचे आणि प्रत्येकाने आठवणीतून आपली सोसायटी काढायची. मोजपट्टी नाही, मोबाइलवरचा नकाशा नाही. केविन लिंच नावाच्या अमेरिकन नगररचनाकाराने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या लोकांकडून असेच नकाशे काढून घेतले होते. तो अभ्यास १९६० मध्ये छापून आला. माणसाच्या डोक्यात शहर बसतं ते रस्ते, कडा, वस्त्या, चौक आणि खुणेच्या जागा अशा रूपात, असं त्यातून पुढे आलं. आपलंही तेच आहे. पाहुण्याला पत्ता सांगताना आपण रस्त्याचं नाव कधी सांगतो? 'रावपुरा टॉवरला उतर, मग कुणालाही विचार.'
मुलांच्या नकाशात कुत्री कुठे झोपतात आणि बॉल कुठल्या भिंतीपलीकडे जातो ते येणार. जे पाण्याची मोटर चालवतात त्यांच्या नकाशात व्हॉल्व्ह येणार. सगळं एकाच फ्लेक्सवर आलं की कॉमन प्लॉट कुणाचा आणि किती वाजता, ते दिसेल. आत्ता फक्त गाड्या दिसतात.

सी-३०३: आलं शेवटी गाड्यांवरच. मला वाटलंच होतं.

ए-३०१: नकाशा छान झाला तर कंपाउंड वॉलवर रंगवून घेऊ या का? सेल्फी पॉइंट होईल.

सेक्रेटरी: वॉलला आत्ताच रंग दिलाय. जनरल मीटिंगशिवाय त्यावर काहीही नाही.

बी-१०१ आजोबा: सेल्फी पॉइंट कशाला, तांबेकर वाड्यात जाऊन या. पुरातत्त्व खात्याकडे आहे, रावपुऱ्यापासून लांब नाही. भिंतीवर महाभारत, कृष्णलीला, आणि तिथेच मराठे आणि इंग्रज लढतायत. एकोणिसाव्या शतकात आपल्या माणसांनी घराच्या भिंतीवर आपला काळ काढून ठेवला. आमचं बालपण दांडिया बाजारात गेलं, तरी ती चित्रं मी नीट पाहिली रिटायर झाल्यावर.

बी-१०४: पाण्याची मोटर कोण बंद करणार? टाकी वाहतेय.

सेक्रेटरी: केली.

ए-२ (ग्राउंड फ्लोअर): नकाशाच काढायचा तर पाण्याचा काढा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २५ आहे. टीव्हीवर छपरावर बसलेली मगर सगळ्यांनी पाहिली, पण आपल्याकडे पाणी कुठून आलं ते किती जणांना माहीत आहे? मेन गेटने आलंच नाही. मागच्या भिंतीकडून आलं. वरचे सगळे गॅलरीतून गेटकडे बघत होते आणि मीटर रूम पाठीमागून बुडाली. बिल्डरच्या प्लॅनमध्ये तिथे नुसती सरळ रेघ आहे.

बी-१०१ आजोबा: त्या रेघेच्या पलीकडे कांस होती, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा उघडा नाला. आम्ही फ्लॅट बुक करायला आलो तेव्हा म्हशी बसलेल्या असायच्या तिथे. आता वरून रस्ता गेलाय, पाण्याला मात्र जुनीच वाट ठाऊक आहे.

बी-२०४ काकू: आमच्याकडे आधी लिफ्टचा खड्डा भरला, मग जिन्याने वर चढलं. बी विंगला तिसऱ्या पायरीपर्यंत. सी ला पाचव्या.

सी-३०३: सी ला चौथ्या. माझी स्कूटर सीटपर्यंत बुडाली होती, मी पक्कं सांगतो.

सी-१०२: पाचव्या. फोटो आहे माझ्याकडे.

ए-४०२: मला हेच हवंय! इथे लिहिलेलं उद्या गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जाईल. रविवारी निळी टेप घेऊन प्रत्येक विंगने आपापल्या जिन्यावर पाण्याची खूण करायची, आणि तीच खूण फ्लेक्सवर. पाणी आधी कुठे आलं, मग कुठे, बाणाने दाखवायचं. मीटर रूम वर उचलायची का, जनरेटर कुठे ठेवायचा, हे मग भांडून नाही, बघून ठरवता येईल.

सी-४०१: आम्ही आलो तर चालेल का? आम्ही भाड्याने राहतो, युनिव्हर्सिटीत शिकतो.

बी-३०२: सोसायटीच्या बाबतीत मालकच लागतात ना?

सेक्रेटरी: मीटिंगमध्ये मतदानाला मालक लागतात. नकाशा काढायला मालकी लागत नाही. या.

ए-४०२: आणि वॉचमन भाई आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही मी सांगणार आहे. पुराच्या रात्री मोटर खोलून वर कुणी नेली? वॉचमन भाईंनी. मावशी मागच्या छोट्या गेटने येतात. त्या गेटला कुलूप किती वाजता लागतं, आपल्यापैकी कुणी सांगा.

ए-१०३: रात्री?

ए-२ (ग्राउंड फ्लोअर): दुपारी १२ ते ४. त्या वेळेत मावशींना उन्हात अख्खा वळसा घालून मेन गेटने यावं लागतं.

ए-३०१: हे कुणी ठरवलं?

सेक्रेटरी: माझ्या आधीच्या कमिटीने.

बी-३०२: सगळ्यांना बोलावताय ते चांगलं आहे, पण खुर्च्या तेवढ्या आहेत का? आपल्याच माणसांना उभं राहायला नको.

बी-२०४ काकू: खुर्च्या कमी पडल्या तर सतरंज्या माझ्याकडे आहेत. लहानपणी गणपतीत रस्त्यावर पडदा लागायचा, आम्ही दोन्ही बाजूंनी बसायचो. मागच्यांना अक्षरं उलटी दिसायची, तरी कुणी उठून गेलं नाही. आणि बरं, समोसे नाही, सेव उसळ करते. पातेलं ज्याने त्याने धुवायचं.

सेक्रेटरी: ठीक. असं करू. शनिवारी ५ ते १० कॉमन प्लॉट रिकामा. गाड्या बाहेर रस्त्याच्या आपल्या बाजूला, दुसऱ्या सोसायटीच्या गेटसमोर नको, ते लगेच फोन करतात. प्लॉटमधला मोठा दिवा पडद्यावर येतो, तो तेवढा वेळ बंद ठेवू, जिन्यांचे चालू राहतील. वॉलवर रंग नाही. जिन्यावर टेप चालेल, खिळे नाहीत. तयार झालेला फ्लेक्स जनरल मीटिंगमध्ये आणायचा, मीटर रूमचा विषय त्याच्यासमोर घेऊ. छोट्या गेटच्या कुलपाचा विषयही टाकतो.

ए-३०१: पाऊस आला तर?

ए-४०२: ए विंगच्या पार्किंगमध्ये. कोरडी राहिलेली तेवढीच जागा आहे, असं माझ्या नकाशात आहे. तुमच्या नकाशात वेगळं असेल तर रविवारी दाखवा.

सी-३०३: गाडी शनिवारी पाचला काढतो. पण मागच्या भिंतीची बाजू मी काढणार, सी विंगवाल्यांना तिथलं जास्त माहीत आहे. आणि पायरी चौथीच होती.

सी-१०२: पाचवी. येताना फोटो घेऊन येते.