बाबांचं २०२२-२३ चं इन्कम टॅक्स रिटर्न राहिलंय, आईच्या आजारपणाचं कारण चालेल का? (नाशिक)

नमस्कार मंडळी, जरा लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

बाबा सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीतून रिटायर झाले, फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे आले ते सगळे एफडीत आणि त्याच्या व्याजावरच घर चालतं. २०२२-२३ मध्ये व्याज झालं ४ लाख २० हजार, १५एच (टॅक्स कापू नका असं बँकेला सांगणारा फॉर्म) द्यायचा राहिला म्हणून बँकेने १० टक्के टीडीएस कापला, म्हणजे ४२ हजार. आता ८०टीटीबीचे (ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी वजावट) ५० हजार गेले की उरतात ३ लाख ७० हजार, ५ लाखाच्या आत रिबेट आहेच, म्हणजे टॅक्स शून्य आणि ४२ हजार परत मिळायला हवे होते. बाबा दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात स्वतः रिटर्न भरायचे, एकदाही चुकलं नव्हतं.

मे २०२३ मध्ये आईला कॅन्सर निघाला. मग दर २१ दिवसांनी केमो, नाशिकरोडवरून सकाळची पंचवटी धरून मुंबई, संध्याकाळी त्याच गाडीने परत, आणि मधे काही झालं की इथे ॲडमिट. ३१ जुलै गेली, लेट रिटर्नची ३१ डिसेंबर पण गेली. जानेवारी २०२४ मध्ये आई गेली.

पुढच्या वर्षीचं रिटर्न मी पुण्याहून भरलं पण तेव्हा फक्त त्याच वर्षाचं २६एएस (कापलेल्या टॅक्सचा तक्ता) उघडलं होतं, मागचं राहिलंय हे मला माहीतच नाही. आता जेल रोडच्या घरी आले तर २०२३ चं कालनिर्णय अजून भिंतीवर. जुलैच्या पानावर केमोच्या तारखांना गोल केलेले, ३१ च्या चौकोनात बाबांच्या अक्षरात 'रिटर्न' आणि त्याच्याच खाली 'प्लेटलेट कमी, ॲडमिट'. ते बघून मी त्या वर्षाचं २६एएस काढलं तेव्हा सगळा उलगडा झाला.

अपडेटेड रिटर्न भरायला गेले तर कळलं त्यात रिफंड मागताच येत नाही. उशीर माफीचा अर्ज असतो म्हणतात, तो कुणाकडे, कागद काय लावायचे, आणि हे कारण धरतात का? दुसरं म्हणजे बाबाच तयार नाहीत. म्हणतात, तिच्या आजारपणाची सबब सांगून मला पैसे नकोत. त्यांना काय सांगू तेच कळत नाहीये.

प्रतिसाद १
ताई, कलम ११९(२)(बी) खाली कंडोनेशनचा, म्हणजे उशीर माफीचा अर्ज करा. सीबीडीटीचं (इन्कम टॅक्सचं केंद्रीय बोर्ड) १ ऑक्टोबर २०२४ चं सर्क्युलर ११/२०२४ वाचून घ्या. १ कोटीपर्यंतच्या क्लेमचा अर्ज प्रिन्सिपल कमिशनर किंवा कमिशनरकडे जातो. मुदत असेसमेंट वर्ष (कमाईच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून ५ वर्षं, तुमचं २०२३-२४, ते ३१ मार्च २०२४ ला संपलं म्हणजे ३१ मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे. अर्ज शक्यतो ६ महिन्यांत निकाली काढावा असं त्यातच म्हटलंय. उशिराच्या रिफंडवर व्याज मिळत नाही आणि लेट फी १ हजार धरून चाला. आधी पोर्टलवर पॅनची ज्युरिस्डिक्शन (कुठल्या अधिकाऱ्याकडे येतं ते) बघा, मग गडकरी चौकातल्या ऑफिसात चौकशी करा. आणि रिटर्न आत्ता भरायचं नाही हां, मंजुरीची ऑर्डर आल्यावरच.

प्रतिसाद २
आमच्या सासऱ्यांच्या बायपासच्या वेळी असाच अर्ज केला होता आणि मंजूर झाला. बघतात ते 'जेन्युइन हार्डशिप', म्हणजे अडचण खरी होती का. नुसतं विसरलो, माहीत नव्हतं एवढंच लिहिलं तर कठीण. डिस्चार्ज कार्ड, केमोच्या पावत्या, रेल्वेची तिकिटं असतील तर ती, सगळं तारखेने लावून एक तक्ता करा, कॅलेंडरवरून तो पटकन होईल. पण खरी मेख पुढे आहे. जानेवारी २०२४ नंतरचा काळ कोरा सोडू नका! पुढच्या वर्षीचं रिटर्न भरलंत तर हे तेव्हाच का नाही केलं, हे विचारणारच. इथे लिहिलंय तेच लिहा, तुम्ही पुण्याला, एकाच वर्षाचं २६एएस बघितलं, बाबा कागदाला हात लावत नव्हते. ते डॉक्टरकडे जात असतील तर त्याचाही कागद जोडा.

प्रतिसाद ३
काकांना माझा नमस्कार सांगा. माझी बायको गेली तेव्हा विम्याच्या फॉर्मवर सही करायला मला पण असंच जड गेलं होतं. ते पैसे सरकारचे नाहीत, काकांचेच कापलेले आहेत. वहिनींना सोडून ते त्या दिवशी रिटर्न भरत बसले नाहीत, एवढंच अर्जात लिहायचंय, त्यात वहिनींचा कमीपणा कुठे येतो?

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतः उठून कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि मे महिन्यापासून तारखा सांगायला लागले, मी वहीत उतरवून घेतल्या. ऑगस्टमधली एक पावती सापडत नाहीये, तिची डुप्लिकेट हॉस्पिटलमधून मागवते. एक राहिलंच, आईच्या मृत्यू दाखल्याची साधी झेरॉक्स चालते का अटेस्टेड लागते? सोमवारी ऑफिसात जायचंय, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.