पहिल्या वर्षी मुकादम, तिसऱ्या वर्षी कोण?

तूरवाला_यवतमाळ
आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीची छोटी डाळमिल मी तीन हंगाम सांभाळली, आता चौथा चालू आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळमिल येते ना, तीच. कामाला गावातल्याच नऊ बाया आणि दोन पोरं. पहिल्या हंगामात मी सरळ मुकादमकी केली. तेल किती चोळायचं, रात्री किती कट्टे मुरत ठेवायचे, सकाळी किती वाळत घालायचे, सगळं मी सांगायचो. कुणाची तक्रार नव्हती, कारण मशीन कुणालाच माहीत नव्हती.

तिसऱ्या हंगामातही मी तसाच. फेब्रुवारीत दोन दिवस आभाळ आलं. एका काकूंनी वाळवणातला दाणा दाताखाली धरला आणि म्हणाल्या, "साहेब, आज नका लावू. फुटत नाहीये, चेपतोय." व्यापाऱ्याला माल द्यायचा होता. मी म्हटलं, लावा. टरफल सुटेना म्हणून तोच माल दोनदा, तीनदा रोलरमधून काढला. डाळ कमी, चुनीच (तुकडे आणि भुगा) जास्त. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून नऊच्या नऊ बायांचं एकच उत्तर. चाळणी बदलायची? साहेबांना विचारा. सुतळी संपली? साहेबांना विचारा.

ब्रूस टकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये लहान गटांच्या वाढीचे चार टप्पे मांडले: जमणं, भांडणं, रुळणं आणि मग जोमानं काम करणं. १९७७ मध्ये पाचवा जोडला, पांगणं. हर्सी आणि ब्लँचर्ड या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांचं म्हणणं १९६९ पासूनचं: नवख्याला नेमकं सांगा, थोडं शिकलेल्याला कारण देऊन सांगा, जमायला लागलं की सोबत बसून ठरवा, तयार झालेल्यावर सोपवा. माझं मत असं की बाया चौथ्या टप्प्यावर पोचल्या होत्या आणि मी पहिल्यावरच उभा होतो. गटाचा टप्पा बदलला की म्होरक्याने ढंग बदलायलाच हवा. पटतं का?

ठेचा_भाकर
भाऊ, हे टप्पे आपल्या गावचे नाहीत. टकमननं पन्नासेक अभ्यास चाळले, त्यातले बरेचसे उपचार गट नाहीतर प्रशिक्षण गट. म्हणजे एकमेकाले न ओळखणारी माणसं एका खोलीत बसवली. आपल्याइकडे टीम नसते बाप्पा, भावकी असते. तुमच्या त्या नऊ बायांचं जमणं लग्न होऊन गावात आल्या तवाच झालं आणि भांडणं धुऱ्यावर अजून चालूच हाय. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की रुळलेला गट पुन्हा पहिल्या पायरीवर.

आणि दुसरं. ओला दाना दळला, ही चूक हाय. तिले टप्प्याचं नाव काहून देता? त्याच बाईनं पहिल्या वर्षी सांगितलं असतं, तरी आयकाले नको होतं काय?

तूरवाला_यवतमाळ
ऐकायला हवं होतं, मान्य. पण पहिल्या वर्षी त्यांनी सांगितलंच नसतं. दाणा चावून त्यांना हे कळायला दोन हंगाम गेले.

ठेचा_भाकर
दोन हंगाम? तूर त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या भरडतात. जात्यावर. तुमची मशीन नवी होती, दाना नवा नव्हता.

संत्री_वरुड
😄 याला म्हणतात उतारा. (आमच्या संत्र्याच्या पॅकिंगला मुकादम दहा वर्षं झाली तरी पहिल्या दिवसासारखाच ओरडतो, आणि माल वेळेवर जातो. त्याचा टप्पा कोणता?)

गटवाली_वर्धा
मी बचत गटांचं काम करते, त्यामुळे दोघांनाही थोडं थोडं टोकते.

टप्पा अख्ख्या गटाचा धरू नका, कामाचा धरा. आमच्याकडे पंचसूत्री असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशोबाच्या वह्या. एखादा गट बैठक आणि बचतीत इतका पक्का असतो की मी गेले नाही तरी चालतं. त्याच गटाची कर्जाची वही उघडली की डोक्याला हात. बचतीत सोपवायचं, वहीत मात्र शेजारी बसून एकेक ओळ लिहून घ्यायची. एकाच दिवशी, एकाच सतरंजीवर.

आणि सोपवण्याचं फार कौतुक नको. एका गटाला मी 'तयार झाल्या' म्हणून सोडलं. पाच महिने पासबुक आणि वही जुळवून पाहिली नाही. परतफेडीचे पैसे बायांनी दिलेले, बँकेत भरलेच नव्हते. तो गट आजवर नीट उभा राहिला नाही. तूरवाले दादा उशिरा सोडून शिकले, मी लवकर सोडून.

मोहफूल_गडचिरोली
आधी हुकूम, मग लोकशाही, हा क्रमच मला खटकतो. आमच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव पाहा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतात, बहुमताने नाही. एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर. सोबत अभ्यास गट, तिथे बाहेरचा माणूसही बसतो, पण ठरवत नाही. देवाजी तोफा हे तिथलं ठळक नाव, पण त्यांनी आधी मुकादमकी करून मग सूत्रं सोडली असं झालं नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क) मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. लोक 'तयार' होईपर्यंत निर्णय रोखून ठेवले असते, तर लोक तयार कशाने झाले असते?

तूरवाला_यवतमाळ
मेंढा-लेखाबद्दल आदर आहेच. पण तिथे एका निर्णयाला चार बैठका लागल्या तरी जंगल जागेवर राहतं. माझ्याकडे भाव पडायच्या आत दोन-अडीच महिन्यांत तूर उरकायची असते. रोलर फिरत असताना सर्वसहमती कुठून आणू?

मोहफूल_गडचिरोली
रोलर फिरत असताना नका आणू. हंगामाच्या आधी बसा. दाणा चेपत असेल तर मशीन कोण बंद करू शकतं, एवढं एक जरी आधी ठरलं असतं तरी काकूंना तुमची परवानगी लागली नसती.

ठेचा_भाकर
हे खरं बोलले. शैली-बिली सोडा, बटन कोनाच्या हातात हाय ते सांगा.

तूरवाला_यवतमाळ
या हंगामात काकूंच्या. वाळवण त्या पाहतात, त्यांनी नाही म्हटलं की मशीन बंद. व्यापाऱ्याशी मी बोलतो. आता चुनी कमी निघते आहे.

गटवाली_वर्धा
काकू कंपनीच्या संचालक आहेत का?

तूरवाला_यवतमाळ
नाही. संचालक व्हायला आधी सभासद व्हावं लागतं आणि आमच्याकडे सभासद करताना सातबारा मागतात. सातबारा त्यांच्या नवऱ्याच्या नावावर आहे. त्यामुळे शेअरही त्याच्याच नावाने. तो मिलवर कधी आलेला नाही.

ठेचा_भाकर
हे पहिल्याच पोस्टीत सांगाले पाहिजे होतं ना भाऊ.