‘पंपाची सवय लागते, ट्रायलला तर जाऊच नका’ म्हणणाऱ्यांना

धाप लागलेला ठाणेकर

खारघरच्या एका सदस्याची परवाची पोस्ट फिरत फिरत आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरही आली, म्हणून इथेच उत्तर देतोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: इनहेलरची सवय लागते, स्टेरॉइडने शरीर पोखरतं, सगळं संशोधन कंपन्यांच्या पैशाचं असतं, तोटे लपवतात, आणि नवी मुंबईत दम्याच्या ट्रायलसाठी (औषधाची माणसांवरची चाचणी) माणसं शोधताहेत तर कुणीही ‘प्रयोगशाळेतला उंदीर’ व्हायला जाऊ नका. शेवटी हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी कासारवडवलीला राहतो. मेट्रोचं काम, तयार काँक्रीटचे मिक्सर, घोडबंदरचे ट्रेलर, सगळं छातीत घेऊन झालंय. दमा शाळेपासूनचा. त्यामुळे सवयीबद्दल मला शिकवू नका.

सवय लागते ती निळ्या, लगेच आराम देणाऱ्या पंपाची. दोन फवारे मारले की पाच मिनिटांत छाती मोकळी होते, मग माणूस तेवढाच ओढत राहतो आणि आतली सूज वाढत राहते. ब्रिटनमध्ये दम्याने गेलेल्यांची राष्ट्रीय तपासणी झाली, २०१४ चा अहवाल आहे. निळ्या पंपांची नोंद ज्यांची मिळाली, त्यांतल्या ३९ टक्के लोकांना आदल्या वर्षभरात बाराहून जास्त पंप लिहून दिलेले होते. आता सांगा, तुमची पोस्ट वाचून लोक कोणता पंप सोडतील? निळा कुणी सोडत नाही, तो लगेच गुण देतो. सोडतात तो सूज उतरवणारा स्टेरॉइडचा. म्हणजे जो जीव वाचवतो नेमका तोच.

आणि हे कळलं कशामुळे? ट्रायलमुळे. २०१८ ची सिग्मा नावाची ट्रायल घ्या. सौम्य दम्याचे ३८४९ रुग्ण. नुसता आराम देणारा पंप घेणाऱ्यांपेक्षा, त्रास होईल तेव्हा ब्युडेसोनाइड (स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनळ्या उघडणारं) एकत्र घेणाऱ्यांना मोठे झटके ६४ टक्क्यांनी कमी आले. पुढच्याच वर्षी ‘गिना’ने, म्हणजे दम्यावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटाने, मार्गदर्शिका बदलली: मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसता निळा पंप नको. पन्नास वर्षांची पद्धत मोडली ती तुमच्या त्या ‘उंदरांनी’.

स्टेरॉइडने मुलांची उंची खुंटते का तेही सांगून टाकतो, कारण आया तिथेच घाबरतात. अमेरिकेत लहानपणी रोज ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची उंची मोठेपणी मोजली. डमी औषध घेतलेल्यांपेक्षा १.२ सेंटीमीटर कमी निघाली. आहे, नाही असं नाही. पण रात्री मूल निळं पडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांनी काय ते ठरवावं.

खारघर हिल्स

पोस्ट माझीच. तुम्ही फक्त सोयीच्या ट्रायल सांगितल्या. आता गैरसोयीच्या ऐका.

स्मार्ट ट्रायल, निकाल २००६ ला छापून आले. २६ हजारांवर माणसं. साल्मेटेरॉल (श्वासनळ्या बराच वेळ उघड्या ठेवणारं औषध) दिलेल्या गटात दम्याने १३ मेले, डमी औषधाच्या गटात ३. टॉर्च ट्रायल, २००७, सीओपीडीचे (धुराने फुफ्फुसं कायमची बिघडण्याचा आजार) ६११२ रुग्ण, तीन वर्षं. दोन औषधं एकत्र असलेल्या पंपाने मृत्यू कमी होतात हे सिद्ध करायला निघाले होते, निकाल ग्राह्य धरायला पी व्हॅल्यू ०.०५ च्या आत हवी असते, आली ०.०५२. रेघेच्या बाहेर! वर न्यूमोनिया डमी औषधावर १२.३ टक्के, या पंपावर १९.६. तरी तोच पंप धडाधड विकला गेला.

माझे वडील ट्रकवर होते, तळोजा ते जेएनपीटी. त्यांना तेच लिहून दिलं आणि न्यूमोनियातच गेले. मला आकडे शिकवू नका.

वागळे इस्टेट

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण आकड्यांवर बोलावंच लागेल. मी ट्रायल कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे तुमच्या मते उंदीर पकडणारी.

स्मार्टमध्ये सुरुवातीला निम्म्याहून कमी लोक स्टेरॉइडचा पंप घेत होते. म्हणजे आराम देणारं औषध वर आणि खाली सूज मोकाट. धोका दिसल्यावर ती ट्रायल २००३ ला मध्येच थांबवली, खोक्यावर काळ्या चौकटीतला इशारा आला. मग अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, कंपन्यांना सांगितलं, दोन्ही औषधं एकत्र देऊन पुन्हा मोजा. एकट्या ऑस्ट्री ट्रायलमध्येच ११,६७९ माणसं होती. जास्तीचा धोका दिसला नाही, २०१७ च्या डिसेंबरात तो इशारा काढला. हे ‘लपवणं’ असेल तर मला लपवणं म्हणजे काय तेच कळत नाही.

टॉर्चचं बरोबर आहे तुमचं. न्यूमोनियाचंही. म्हणूनच आज सीओपीडीत स्टेरॉइड सरसकट देत नाहीत, रक्तातल्या इओसिनोफिल पेशी आणि झटक्यांचा इतिहास बघतात. तोही धडा त्याच ट्रायलचा.

खारघर हिल्स

वा. म्हणजे चूक सापडली तरी श्रेय तुमचंच. धन्य.

बॅगवाला

मी जुना एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, विक्रोळी ते कल्याण माझा पट्टा. कंपन्यांच्या पैशाबद्दल खारघरवाले बोलताहेत ते अगदीच हवेतलं नाही. आम्ही दवाखान्यांत काय काय पोचवलंय ते इथे लिहिलं तर धागा उडेल.

पण खरी गंमत वेगळीच. कळव्याला एक आजोबा भेटले, रोटाकॅप लिहून दिलेली, म्हणजे डबीत घालून आतली पूड श्वासाने ओढायची कॅप्सूल. म्हणाले, औषधाने फरक नाही. विचारलं, घेता कशी? तर पाण्याबरोबर गिळत होते! डबी कपाटात, प्लास्टिकसकट नवीन. केमिस्टने गोळ्यांच्या पाकिटासारखी हातात ठेवली, डॉक्टरांच्या बाहेर चाळीस पेशंट. ट्रायलमध्ये दर भेटीला तंत्र तपासतात, डायरी बघतात, फोन करतात. मग निकाल चांगले येणारच. तेच औषध आपल्याकडे पोटात जातं. आणि मग सोसायटीत एक नेब्युलायझर घरोघर फिरतो, ‘वाफेनेच बरं वाटतं’ म्हणून. अहो, झटक्यात स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) लावून पंप घेतला तर तोही वाफेइतकंच काम करतो, हेही तपासून झालंय.

नेरुळची वहिनी

ट्रायल घ्या की नका यावर भांडताय, पण घेतात कुणाला ते विचारा. माझ्या सासूबाई महाडकडच्या. लग्न झाल्यापासून चुलीपुढे. बिडी-तंबाखू कधी नाही, पण सीओपीडी आहे. एका ठिकाणी ट्रायलसाठी विचारलं तर फोनवरच नकार: सिगारेट किती ओढल्या? १० पॅक-इयर हवेत म्हणे. म्हणजे रोज एक पाकीट, दहा वर्षं!

टॉर्चमध्ये हीच अट होती, टायोट्रोपियम या सीओपीडीच्या औषधाच्या अपलिफ्ट ट्रायलमध्येही हीच. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहून ठेवलंय की न ओढणाऱ्यांमध्ये सीओपीडी भरपूर आहे, धूर चुलीचा असला तरी. मग सासूबाईंना जो पंप दिलाय तो त्यांच्यासारख्या बाईवर तपासलाच कुणी?

वागळे इस्टेट

वहिनी, इथे माझ्याकडे उत्तर नाही. स्क्रीन फेलच्या, म्हणजे अटींत न बसल्याने नाकारलेल्यांच्या, फायली मी रोज बघते. दम्यातही तेच. न्यूझीलंडमध्ये २००७ साली तपासलं होतं, ज्या मोठ्या ट्रायलवर मार्गदर्शिका उभ्या आहेत त्यांच्या अटींत गावातले खरे दमेकरी किती बसतात? मध्यक ४ टक्के.

खारघर हिल्स

४ टक्के!! आणि मला अंधश्रद्ध म्हणत होतात.

धाप लागलेला ठाणेकर

तुम्हाला अंधश्रद्ध कुणी म्हटलं नाही. आणि यावर उपाय काय? जायचं नाही म्हटलं तर ४ चे ० होतील. औषधाचे आकडे मिनेसोटाच्या माणसाचे आणि धूर तुर्भ्याचा, हेच चालू राहणार.

पाचपाखाडी

ट्रायल-बियल राहू दे बाजूला. मूळ दुखणं खिडकीत बसून घुमतंय. कबुतरं! डक्टमध्ये विष्ठेचा थर, एसीच्या बाहेरच्या युनिटवर घरटी, आणि समोरच्या गच्चीवर एक पुण्यवान गृहस्थ रोज ज्वारी उधळतात. मुंबईत २०२५ ला प्रकरण हायकोर्टात गेलं, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला. ठाण्यात कधी? माझ्या बायकोला वर्षभर दमा म्हणून पंप दिले. शेवटी सीटी स्कॅनमध्ये निघालं हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस.

दोन मुठी दाणे

गच्चीवरचा तो मी नव्हे, पण दाणे मीही टाकतो. वडीलही टाकायचे. आमच्या घरात कुणाला दमा नाही. मुक्या जिवांवर सगळे शूर. टॉवर बांधणाऱ्या बिल्डरला एक शब्द विचारून दाखवा.

पाचपाखाडी

मुका जीव! पहाटे पाचपासून घू-घू करतो तो मुका? तुमच्या पुण्याचा हिशेब माझ्या बायकोच्या फुफ्फुसातून वळता होतोय.

दोन मुठी दाणे

तोंड सांभाळून बोला. पुरावा आहे का कबुतरांचाच?

वागळे इस्टेट

दोघांनीही थांबा. पाचपाखाडी, तुमच्या बायकोला झालं तो दमा नाही. फुफ्फुसाच्या पेशीजालात सूज येते, कारण दूर करणं हा पहिला उपचार, पंपाने ती जात नाही. भारतात फुफ्फुसाच्या अशा आजारांची नोंदणी झाली होती, २०१७ ला प्रसिद्ध: २७ केंद्रं, १०८४ रुग्ण, ४७.३ टक्क्यांना हाच आजार. कबुतरं कारणांत आहेतच. पण त्या आजारवाल्यांत ४८.१ टक्के लोक एअर कूलर वापरणारे होते. ओल्या पॅडवरची बुरशी.

दोन मुठी दाणे

ऐकलंत? कूलर!

पाचपाखाडी

ठाण्यात कूलर कोण लावतं? मे महिन्यात लावून बघा, भिंतींना पाझर फुटेल. ते आकडे दिल्ली-जयपूरचे असतील. आमच्या घरी कूलर नाही, पोपट नाही, खिडकीत चाळीस कबुतरं आहेत.

बॅगवाला

बघा, इथेही तेच. दुसऱ्या गावचा आकडा आणि आपलं घर.

राबोडी नाका

आमच्याकडे दम्यावर उपाय म्हणून दर मृगाला हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणारे आहेत, त्यांचंही कुणीतरी मनावर घ्या. कबुतरांचा धागा वेगळा काढा.

दोन मुठी दाणे

मासा गिळणाऱ्यांना हसू नका, तिथे निदान कंपनीचा पैसा नाही.

धाप लागलेला ठाणेकर

कंपनीचा पैसा नाही, आणि डमी मासा गिळणारा गटही नाही.

खारघर, एक सरळ प्रश्न. वडिलांच्या वेळी इओसिनोफिल तपासले होते का? आज तुमच्यासमोर तोच पेशंट आला तर ‘पंप सोड’ सांगाल की ‘रक्त तपासून घे’ सांगाल?

खारघर हिल्स

रक्त तपासून घे सांगेन. झालं समाधान? पण ट्रायलला जा असं माझ्या तोंडून निघणार नाही. काही झालं तर जबाबदार कोण?

वागळे इस्टेट

२०१९ चे नियम आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचारही प्रायोजकाचा आणि भरपाईही. मधूनच सोडून जाता येतं, कारण द्यावं लागत नाही. आणि २००९ पासून ट्रायल सीटीआरआयवर (सरकारची ऑनलाइन ट्रायल नोंदवही) नोंदवणं सक्तीचं आहे: प्रायोजक कोण, केंद्रं कुठली, कुणाला घेणार, कुणाला वगळणार, सगळं घरबसल्या दिसतं. उंदरांना एवढं कुणी विचारत नाही.

नेरुळची वहिनी

सीओपीडीची एक उघडून बघितली आत्ता. लगेच दिसली अट, १० पॅक-इयर. सासूबाईंना या वयात बिडी शिकवू का?

खारघर हिल्स

हेच तर मी म्हणत होतो.

नेरुळची वहिनी

नाही हो. तुम्ही म्हणत होतात जाऊ नका. मी म्हणतेय घेत का नाहीत.